अंतूदादाची काळी पेटी

दार वाजलं की मी आधी माणसाच्या हाताकडे बघते, मग चेहऱ्याकडे. ही सवय इतकी जुनी आहे की ती सवय आहे हेसुद्धा मी विसरून गेले होते. गेल्या महिन्यात एका सकाळी मेधा दारात उभी राहिली तेव्हाही तेच झालं. तिचे हात रिकामे होते. पर्ससुद्धा नव्हती. डिलाईल रोडवरून गिरगावात येणारी नोकरदार बाई साधी पर्सही न घेता घरातून निघते म्हणजे... मी काही न विचारता दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले. "आत्या, बाबा गेले," ती म्हणाली. "पहाटे. झोपेतच." दोघींच्याही घरी फोन आहेत, तरी ती टॅक्सी करून स्वतः आली होती. मी पाणी दिलं तेव्हा म्हणाली, बाबांनी सांगून ठेवलं होतं, शालूला फोन करायचा नाही, कुणीतरी जाऊन तोंडाने सांगायचं. त्यांनी असं का सांगितलं असेल ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. आता तो गेलाय, आई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. हे डोळ्यांनी पाहून सांगू शकणारी मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहायला बसले.

अनंत पालव हे त्याचं नाव, पण आमच्या घरी तो कायम अंतूदादाच होता. घराणं मूळचं मालवणकडचं. वडील गिरणीत, काका गिरणीत, राहायला डिलाईल रोडच्या चाळीत. हा एकटाच त्या वाटेला गेला नाही. गिरगावात आमच्या घराजवळ एक फोटो स्टुडिओ होता, तिथे तो डार्करूममध्ये कामाला लागला. माझा थोरला भाऊ मधू नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला तिथे गेला आणि दुसऱ्या दिवशी फोटो आणायला गेला तर मालक नसताना अंतूदादाने त्याला हळूच सांगितलं की तुमचे डोळे मिटलेले आलेत, मालक असेच गळ्यात मारतील, बसा, मी परत काढतो. त्या दिवसापासून दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच. मधूला बोटीच्या कंपनीत कारकुनी मिळाली. आमचे वडील लवकर गेले होते, घरात आई, मधू आणि मी. अंतूदादा दुपारचा डबा आमच्याकडे येऊन खायचा, कारण स्टुडिओत औषधांचा वास इतका असे की घास उतरत नसे. आई त्याच्या पानात काहीतरी वाढायचीच. हातांना फोटो धुण्याच्या पाण्याचा पिवळट डाग, नखं काळी, बोलणं कमी. मधू अखंड बोलायचा आणि हा ऐकायचा. ऐकताना तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे असा बघायचा की बोलणाऱ्याने आपोआप केस नीट करावेत.

पुढे स्टुडिओच्या मालकांना दिसेनासं झालं आणि त्यांनी दुकान बंद केलं. जाताना त्यांनी आपला एक चांगला कॅमेरा अंतूदादाला दिला आणि कॅमेऱ्याबरोबर त्याची पेटी. लांबट, अरुंद, कडक काळ्या चामड्याची, कोपऱ्यांना पितळी पत्रा, आत जांभळी मखमल. दोन पितळी कड्या होत्या. पहिली उघडताना खट्‌ असा आवाज व्हायचा आणि थोड्या वेळाने दुसरी उघडली की पुन्हा एकदा. पेटी घेऊन तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा खोताच्या वाडीतल्या मेरी आंटी आईकडे बसल्या होत्या. त्यांनी पेटीकडे बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, आमच्याकडे तान्हं मूल गेलं की त्याची पेटी एवढीच असते. मधू हसला. अंतूदादाही हसला. आई मात्र म्हणाली, "आंटी, असलं काही बोलू नये," आणि विषय बदलला. मला आठवतं, त्यानंतर त्याने ती पेटी उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली होती.

ती पेटी घेऊन तो बाहेरची कामं करू लागला. लग्नं, मुंजी, बारशी, गिरणीतल्या खात्यांचे ग्रुप फोटो. परळ-लालबागच्या चाळींतून त्याचं नाव झालं. सुलोचनावहिनींशी लग्न झालं तेही याच काळात. आणि मग ते दिवस सुरू झाले... मुंबईसह महाराष्ट्र मिळणार की नाही, याशिवाय दुसरं बोलणं कुठे ऐकू येत नव्हतं. गिरगावात रोज सभा, लालबागहून रोज मोर्चा. मधू ऑफिस सुटलं की सभेला. अंतूदादा सभेला जायचा नाही, पण मधू परत येऊन जे सांगायचा ते तो शेवटपर्यंत ऐकायचा. मग गोळीबार सुरू झाला. सकाळी बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी घरी येईल की नाही हे कुणी धरून चालेना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी असायची आणि भाजी आणायला जाताना बायका तिच्याकडे न बघता जायच्या.

अंतूदादाच्या चाळीतला, त्याच्याच गावाकडचा एक तरुण त्यात गेला. त्याची आई गावी होती. बोटीने तिला यायला वेळ लागणार, तोवर थांबणं शक्य नव्हतं. चाळीतल्या माणसांनी अंतूदादाला सांगितलं, एक फोटो काढ, निदान म्हातारीला तोंड बघायला मिळेल. त्याने काढला. उजेडासाठी खाट गॅलरीत आणावी लागली होती, एवढंच त्याने आम्हाला सांगितलं. पण मग ते एका फोटोवर थांबलं नाही. शेजारच्या चाळीतून बोलावणं आलं, मग घोडपदेवहून, मग हॉस्पिटलमधून. कुणाची आई गावाला, कुणाची बायको बाळंतपणाला गेलेली, कुणाची ओळखच पटायची होती आणि फोटो घेऊन माणसं चाळीचाळींतून विचारत हिंडायची. अंतूदादा कुणालाच नाही म्हणाला नाही. तो पेटी उचलून जायचा आणि परत येऊन आमच्याकडे न बोलता बसायचा. मधू अशा वेळी बोलायचं थांबवायचा. मधू गप्प बसलेला मी फक्त तेव्हाच बघितला.

पेटीबद्दल कुजबुज कधी सुरू झाली ते नेमकं सांगता येणार नाही. त्याच्या मजल्यावर एका शेजाऱ्याचं मूल तापाने आजारी होतं. हा कामावरून परतताना दारातून चौकशी करायला आत गेला, पेटी हातात होती ती खाली ठेवली, मुलाच्या कपाळाला हात लावला. दोन-तीन दिवसांत ते मूल गेलं. मुलाची आई त्याला काहीच बोलली नाही. फक्त त्यानंतर तो जिना चढू लागला की तिचं दार बंद व्हायचं. मग दुसऱ्या बाईचं. मग बायका पोरांना गॅलरीतून आत ओढून घेऊ लागल्या. पितळी कड्यांचा आवाज झाला की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबतं, असं सुलोचनावहिनी सांगायच्या. एका मुलीच्या बापाने लग्नाचं ठरलेलं काम मोडलं नाही, पण घरी येऊन हात जोडून म्हणाला, तुम्ही या, तुमच्याच हातचे फोटो हवेत, फक्त ती पेटी मांडवात आणू नका.

"मग कॅमेरा कशातून आणू?" अंतूदादाने विचारलं.

तेव्हा मधूने ठरवलं की अंतूला नवी पिशवी घेऊन द्यायची. एका रविवारी आम्ही तिघं बाजारात गेलो. वातावरण जरा निवळलं होतं, दुकानं उघडी होती. मला वाटलं होतं, तासाभरात काम होईल. पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या शहरात त्या दिवसांत हातात काय धरावं हा किती अवघड प्रश्न होता. सैन्याच्या जुन्या मालात एक खाकी कॅनव्हासची पिशवी होती. मजबूत, कप्पे असलेली, कॅमेऱ्यासाठीच शिवल्यासारखी. अंतूदादाने ती खांद्याला लावून बघितली आणि लगेच काढली. म्हणाला, खाकी घेऊन मी लालबागच्या जिन्यात शिरलो तर वरून दगड पडेल. दुकानदाराने डॉक्टर लोक वापरतात तशी फुगीर तोंडाची चामडी बॅग दाखवली. ती घेऊन चाळीत गेलो तर लोक विचारणार, कोण आजारी आहे, आणि पुन्हा तेच. खादीची झोळी मधूला आवडली, पण झोळीवाल्या माणसाला पोलीस नाक्यानाक्यावर थांबवून उलटीपालटी करत होते, त्यात कॅमेरा सापडला तर परत मिळायचा नाही. रेक्झिनची बॅग आतून घाम धरते, भिंगाला बुरशी येते. पत्र्याची ट्रंक वाजते, आणि पोलिसांना वाजणारी वस्तू चालत नाही. अंतूदादा प्रत्येक पिशवी हातात घ्यायचा आणि तिच्याकडे बघायचा नाही, आमच्या चेहऱ्यांकडे बघायचा. ही घेऊन मी तुमच्या दारात आलो तर तुम्हाला काय वाटेल, असं त्याने एकदा मला विचारलंही. मी काय उत्तर दिलं आठवत नाही.

शेवटी मधूला ती दिसली. वेताची, झाकणाची बास्केट, कडेला लाल रंगाची एक वेणी गुंफलेली. माहेरवाशिणी बाळाचे कपडे, फळं, खाऊ घेऊन जातात तसली. हलकी, आत वारा खेळता, जुन्या गोधडीचे तुकडे लावले तर कॅमेऱ्याला गादी. मधू ती हातात धरून दुकानाबाहेर रस्त्यावर थोडं चालून आला आणि म्हणाला, "ही घेऊन तू कुठेही जा. लोक म्हणतील, बारशाला निघालाय." अंतूदादा त्या दिवशी मोकळा हसला. सुलोचनावहिनींना तेव्हा दिवस गेले होते, ते आम्हाला त्याने घरी परतताना सांगितलं.

बास्केट आली तरी पेटी जाईना. मृतांच्या घरची बोलावणी थांबली नव्हती आणि त्या कामाला बास्केट न्यायला अंतूदादाचं मन तयार होत नव्हतं. बाळाच्या कपड्यांची बास्केट तिथे कशी नेऊ, म्हणायचा. पण वहिनींना दिवस गेल्यावर त्याची आई हटून बसली. त्याने सांगितलेले तिचे शब्द अजून माझ्या कानात आहेत. "आधी ती पेटी भायर काढ. सून पोटुशी आसा." तो पेटी घेऊन आमच्याकडे आला. मधू घरात नव्हता. अंतूदादाने आईला सगळं सांगितलं आणि म्हणाला, काकू, तुम्हाला चालत नसेल तर स्पष्ट सांगा, मी समुद्रात टाकून येतो. आई शिकलेली होती, उपासतापास फारसे न करणारी होती. ती म्हणाली, वस्तूत काही नसतं, ठेव माळ्यावर. आणि ती पेटी आमच्या पुढच्या खोलीतल्या माळ्यावर गेली. खाली मधूची जेवायला बसायची जागा होती.

त्यानंतर कधी बोलावणं आलं की अंतूदादा गिरगावात यायचा. दारात उभा राहून म्हणायचा, "पेटी न्यायला आलोय." मी स्टुलावर चढून पेटी काढून द्यायची. तो जमिनीवर बसून बास्केटमधला कॅमेरा काढायचा, मखमलीत ठेवायचा, बास्केट आमच्याकडे सोडून पेटी घेऊन निघून जायचा. काम झालं की येऊन पुन्हा अदलाबदल. मी एकदा-दोनदा विचारलं, कोण होतं? तो सांगायचा. नाव, चाळ, वय. मग मी विचारायचं बंद केलं. घरात मात्र मला करमेना. मधू जेवायला बसला की माझी नजर वर जायची. त्याला मी सांगितलं की जागा बदलून बैस. तो म्हणाला, इथे वारा येतो. एकदा उन्हाने लाकूड तडकलं की काय कोण जाणे, माळ्यावर खट्‌ असा आवाज झाला. आई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. आम्ही दोघीही दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिलो. तो आला नाही.

आणि मग पुन्हा शहर पेटलं. कर्फ्यू लागला, ट्रॅम बंद, बस बंद. त्या दिवशी सकाळी मधू लालबागकडे गेला. मोर्चा तिथून निघणार होता. आईने त्याला अडवलं नाही. अडवून तो थांबणारा नव्हता. दुपारी कर्फ्यू थोडा सैल झाल्याची बातमी आली आणि गल्लीत माणसं दिसू लागली. आई स्वयंपाकघरात मधूसाठी पोळ्या झाकून ठेवत होती. दार वाजलं. अंतूदादा होता. परळहून चालत आलेला, अंगातला सदरा घामाने चिकटलेला, हातात वेताची बास्केट. तो नेहमीसारखं आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "शालू, पेटी न्यायला आलोय."

मी स्टूल ओढलं. पेटी काढली, त्याच्यासमोर ठेवली, कड्या उघडून दिल्या. आता हा बसेल आणि कॅमेरा काढेल म्हणून मी वाट बघत राहिले. तो बसला नाही. बास्केट त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि तो उघड्या, रिकाम्या पेटीकडे बघत होता. मी म्हटलं, "कॅमेरा ठेव ना." त्याने मान हलवली. "नुसती पेटी?" मी विचारलं. "कोणासाठी?" मला तेव्हाही कळलं नव्हतं. खरंच कळलं नव्हतं. कड्यांचा आवाज ऐकून आई बाहेर आली. तिने त्याच्याकडे बघितलं, बास्केटकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. मग खाली वाकून तिने पेटीवरची धूळ पदराने पुसली, झाकण लावलं, एक कडी, दुसरी कडी. आणि सरळ उभी राहून म्हणाली, "कुठे आहे तो?"

"परळला," अंतूदादा म्हणाला.

आम्ही तिघं निघालो. पेटी अंतूदादाच्या एका हातात, बास्केट दुसऱ्या हातात. घरात पेटी ठेवून यावं हे कुणालाच सुचलं नाही. रस्ते रिकामे होते, पण खिडक्यांतून माणसं होती. आम्ही जात होतो तशी ती पेटी बघून लोक आत सरकत होते, ते मला दिसत होतं. लालबागच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. एक हवालदार पुढे आला, मराठीच होता. बास्केट उघडायला लावली, कॅमेरा बघितला. मग पेटी उघडायला लावली. आत काहीच नव्हतं. त्याने मखमलीवरून हात फिरवून बघितला, खाली काही दडवलंय का म्हणून, आणि विचारलं, ही रिकामी कशाला घेऊन फिरता? आई म्हणाली, माझा मुलगा हॉस्पिटलात आहे, तो गेलाय, आम्ही त्याला बघायला निघालोय. हवालदाराने हात मागे घेतला. कॅमेरा जप्त करायचा हुकूम असणार, पण त्याने बास्केटचं झाकण स्वतः लावलं आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

हॉस्पिटलमधलं मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की मधूचा चेहरा शांत होता आणि डोळे मिटलेले होते. आई बराच वेळ त्याच्या केसांवरून हात फिरवत बसली आणि मग अंतूदादाला म्हणाली, "अंतू, एक काढ." अंतूदादाने बास्केटचं झाकण उघडलं. कॅमेऱ्याचा पट्टा हातात घेतला. परत ठेवला. पुन्हा घेतला. मग झाकण लावून म्हणाला, "काकू, मला जमणार नाही." किती घरांत त्याने हे काम केलं होतं. आई पुढे काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही. नंतर सुलोचनावहिनींकडून मला कळलं की त्या दुपारी त्याला हॉस्पिटलमधून बोलावणं आलं ते इतकंच, की बरोबरचे म्हणतात गिरगावातला आहे, नाव कुणाला ठाऊक नाही, लगेच या. पेटी आणायला गिरगावात जाण्याइतका वेळ नव्हता म्हणून तो बास्केटच घेऊन धावला. चादर बाजूला झाल्यावर त्याने बास्केट उघडलीच नाही, तिथून तसाच उठून आमच्या घरी चालत आला. वाटेत कसं सांगायचं ते तो ठरवत आला होता. दारात उभा राहिला आणि तोंडातून तेवढंच निघालं, जे त्या दारात तो नेहमी म्हणायचा.

पेटी आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर ठेवली होती. सगळं आटपून निघताना तिची आठवण कुणालाच राहिली नाही. दुसऱ्या दिवशी अंतूदादा शोधायला गेला तर ती तिथे नव्हती. त्याने वॉर्डबॉयला विचारलं, पहारेकऱ्याला विचारलं, कुणालाच काही माहीत नव्हतं. चांगली पेटी होती, कुणी ना कुणी नेली असणार. म्हणजे ती या शहरात कुठेतरी होती. कित्येक वर्षं मी ट्रॅमच्या थांब्यावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात माणसांच्या हातांकडे बघायचे. मला ती पुन्हा कधी दिसली नाही. आणि अजून कुणी दारात आलं की...

मधू गेल्यावर काही महिन्यांनी मेधा झाली. आई बारशाला जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती गेली. सुलोचनावहिनींच्या सासूबाईंना ते फारसं आवडलं नव्हतं. वहिनींनी मात्र मूल आईच्या मांडीवर दिलं. आणि ज्या दिवशी महाराष्ट्र झाला, गिरगावात गुलाल, पेढे, घरोघर तोरणं, त्या दिवशी सकाळी अंतूदादा आमच्याकडे आला. रस्त्यावर सगळे त्याला फोटोसाठी ओढत होते. आईने त्याला सांगितलं, आमच्या दोघींचा एक काढ. त्याने काढला. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. आई आणि मी शेजारी शेजारी उभ्या आहोत आणि मध्ये थोडी जागा सुटलेली आहे. ती कुणी सांगून सोडली नव्हती.

त्यानंतर त्याने मेलेल्या माणसाचा फोटो कधीही काढला नाही. बोलावणी येत राहिली, कारण लोकांना सवय लागली होती. हा जायचा, पण हात हलवत जायचा. त्या घरात भिंतीशी बसायचा, तिरडी बांधायला मदत लागली तर करायचा, सगळं होईपर्यंत थांबायचा. फोटोचं विचारलं तर नाही म्हणायचा. काहींनी ते समजून घेतलं, काहींनी नाही. घोडपदेवच्या एका म्हातारीने त्याला भर चौकात सुनावलं होतं की शेजारणीच्या मुलाचा काढलास, माझ्याचा का नाही, आता मला त्याचा चेहरा आठवेनासा झालाय. ते त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. "ती चुकीचं बोलत नव्हती," तो म्हणाला. मी म्हटलं, मग काढायचा होतास. त्याने माझ्याकडे बघितलं, त्याच्या त्या जुन्या पद्धतीने, आणि म्हणाला, "शालू, मी कुणाच्या दारात कॅमेरा घेऊन उभा राहिलो की मला ते दार तुमचंच दिसतं."

गेल्या महिन्यात त्या सकाळी मेधाबरोबर मी डिलाईल रोडला पोहोचले तेव्हा खोली माणसांनी भरली होती. सुलोचनावहिनी त्याच्या उशाशी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारी जागा केली. थोड्या वेळाने गॅलरीत हालचाल झाली. त्यांच्याच चाळीतला एक फोटोग्राफर आला होता, तिशीतला असेल, हल्ली परळकडची लग्नं तोच करतो. अंतूदादाच्या हाताखाली तो शिकला होता. कुणीतरी त्याला निरोप दिला होता, शेवटचा एक फोटो असावा म्हणून. खांद्याला नव्या तऱ्हेची कप्प्याकप्प्यांची भलीमोठी नायलॉनची बॅग होती. तो दारात येऊन थांबला. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. वहिनींनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, त्या रागावतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "बॅग बाहेर ठेव. तू आत ये."

त्याने बॅग खांद्यावरून काढली आणि गॅलरीत कठड्याशी ठेवली. आत येऊन तो भिंतीशी बसला. दुपारी अंतूदादाला नेईपर्यंत तो तिथून हलला नाही. माझी जागा दारासमोर होती, म्हणून मला दिसत होतं. दिवसभर त्या गॅलरीतून माणसं येत होती, जात होती. वाट अरुंद आहे, दोन माणसं एका वेळी जेमतेम मावतात. तरीही प्रत्येकजण त्या बॅगेपाशी आला की अंग चोरून, भिंतीला घासून जात होता, आणि एका बाईने तर आपल्या मुलाला उचलून कडेवर घेतलं, पलीकडे गेल्यावरच खाली ठेवलं.